पॅकिंग बदललं

पिंप्राळा, जळगाव
६ जानेवारी १९८८

अहो,

नमस्कार. दोंडाईच्याला इथल्यापेक्षा थंडी जास्त असेल. खोलीवर एकटे आहात, स्वेटर घालूनच झोपत जा. आपल्या कुंदाचं नाशिकहून पत्र आलं. सासरी रमली आहे. मी बरी आहे.

तुमच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे चोक अर्धा ओढून पाहिला, मग पूर्ण ओढला. गाडी सुरू होते, पण हुडहुडी भरल्यासारखी थरथरते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडते. एकदा गरम झाली की काही तक्रार नाही. रविवारी मी तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येते, घरी पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं. मग तुम्ही प्लग घासता, पॉइंट बघता, दोष सापडत नाही, आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत जाता. तिचं सकाळचं रूप तुम्ही पाहिलेलंच नाही.

म्हणून काल नाक्यावरच्या वना मिस्त्रीला सकाळी सकाळीच बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, कान दिला आणि मोठ्याने म्हणाला, "ताई, मिसिंग शे!"

समोरच्या बेबाबाई अंगण झाडत होत्या. त्यांचा भाचा पोलिसात आहे, त्यामुळे मिसिंग म्हणजे हरवलेला माणूस, हे त्यांना पक्कं ठाऊक. केरसुणी हातात घेऊनच धावत आल्या.

"माय व! साहेब कव्हयपाइन मिसिंग शेतस? पोलिसस्ले सांगं का?"

वना हसून हसून बॉनेटवर आडवा झाला. मी समजावलं, की इंजिन मध्येच ठोका चुकवतं त्याला हे लोक मिसिंग म्हणतात.

"मना जीव भांडाम्हा पडना," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या नवऱ्यावर घसरल्या. "आमनं येडं तं घरम्हा ऱ्हाईसन मिसिंग शे!" मग जाता जाता थांबल्या. "पन ताई, साहेब येतस तव्हय बी गाडीनाच तोंडम्हा तोंड घालतस. तुनासंगे कव्हय बोलतस?"

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. चहा कोणी मागितला नव्हता.

बाहेर आले तर वना तेलाच्या कुपीतून कार्बोरेटरच्या बुडाशी थेंब सोडत होता. इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चाललं, पुन्हा थरथरलं. "दखा," तो म्हणाला. "पॅकिंग गयं. इंजिन थंडं शे तोवर फटमधून हवा खास. गरम व्हयनं का फट मिटी जास."

खिशातून जाड कागद काढून तो कात्रीने सांध्यात बसवायचं नवं पॅकिंग कापायला बसला. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहू की नको, असं कालपासून चाललं आहे. मनात आलं, म्हणावं, वना, राहू दे. साहेब रविवारी येऊन बघतील.

कारण कुंदाच्या लग्नानंतर तुमची जेवढी पत्रं आली त्यांत चोक आहे, बॅटरीचं पाणी आहे, टायरची हवा आहे. मीही तसंच लिहीत गेले. दिवाळीत हवेचा जाळीदार डबा साफ झाल्यावर गाडी थोडे दिवस बरी चालली, तेव्हा तुम्ही दोन रविवार आला नव्हतात. गाडी पुन्हा बिघडली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. असं कोणी करतं का?

पण मी चहा आणून त्याच्या हाती दिला. वनाने पॅकिंग बसवलं. आज सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि फाटकात उभी राहून संथ चालत राहिली. मी एकटीच आत बसले होते. आनंद व्हायला हवा होता.

तर गाडीसाठी आता येऊ नका. प्लग, पॉइंट, चोक, सगळं ठीक आहे, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. हे माहीत असूनही रविवारच्या पॅसेंजरने आलात, तर कशासाठी आलात ते मी विचारणार नाही. बोलायला काही सुचलं नाही तर नुसते बसू. नाही आलात, तर मात्र बिघाडाचं पत्र माझ्याकडून पुन्हा येणार नाही.

"आपली" लिहायला पेन टेकवलं होतं. ते रविवारनंतर लिहीन.

इंदिरा