थोरल्याचा नंबर

३ जून

चि. धाकट्यास, मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलेलं तू विसरतोस म्हणून लिहितोय. बायोडाटा पाहिला. पहिल्याच नोकरीला चार पानी आत्मचरित्र कशाला रे? भरतीच्या टेबलावर माझा जन्म गेला, तिथे कुणाला एवढी सवड नसते. छंद, वजन, जीवनध्येय काढून टाक. ‘मेहनती’ असं लिहू नकोस, घरच्या दुकानात काय काय केलंस ते लिही. तुझ्या दादाचा एकपानी बायोडाटा मी शेजारी बसून करून घेतला होता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, पण नमुना म्हणून तोच समोर ठेव. ताईला जप.

तुझा मामा

२० जुलै

ती. मामांस, सा. न. वि. वि.

दादाचीच फाईल उघडून नाव, शिक्षण, काम बदललं. दिसेल तिथे पाठवला. एकाचाही फोन नाही. मी कशाच्याच लायकीचा नाही, असं वाटायला लागलंय. आई दादाचा फोन अजून रोज चार्जिंगला लावते.

लोभ असू द्या.

धाकटा

२८ जुलै

प्रिय भाऊस, ताईचे आशीर्वाद.

धाकट्याला कळवू नकोस. तो दुकानात असताना थोरल्याचा फोन वाजतो. मी ‘आई बोलतेय’ म्हटलं की विचारतात, मुलगा आहे का, मुलाखतीला पाठवा. जुने अर्ज असतील. थोरला आता नाही, हे तोंडातून निघत नाही. बाहेर गेलाय म्हणते. काल एका बाईंनी दहा तारखेला बोलावलं आणि मी त्याचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. मला वेड लागलंय का रे?

तुझी ताई

१ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

वेडबीड काही नाही. ते फोन धाकट्याचे आहेत. नमुना उतरवताना खाली थोरल्याचा नंबर तसाच राहिला असणार. दहा तारीख अजून यायची आहे. त्याला सांग. चिडेल, रडेल, तरी सांग.

भाऊ

११ ऑगस्ट

ती. मामांस, सा. न. वि. वि.

आईने सगळं सांगितलं, हातात तो शर्ट धरून. मला खूप राग आला आणि मग तिच्याकडे बघवेना. खांद्यात सैल होतो, पण तोच घालून गेलो. मला घेतलंय, मामा. बाईंनी विचारलं, नंबर हाच ठेवायचा ना? मी हो म्हणालो. कधी उशीर झाला तर ऑफिसातून दादाच्या फोनवर विचारतील, आणि आई सांगेल, निघालाय, पोचेलच.

आम्हा दोघांवर लोभ राहू द्या.

धाकटा