आईचा उजवा कान

प्रिय दादा,

ज्या माणसाबद्दल खरं बोलायची कुणाची तयारी नाही, त्याला निरोप तरी कसा द्यायचा? बाबा गेल्यावरचा निरोपाचा समारंभ झाल्यापासून हाच प्रश्न चघळतेय. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू सगळी अवघड गणितं माझ्याकडे ढकलतोस, पण या एकात माझी पदवीही नापास झाली.

समारंभ करून देणाऱ्या संस्थेत मी नोकरी धरली तेव्हा तू मला ‘बिनमंत्राची पुरोहित’ म्हणून चिडवलंस. मला त्याचाही अभिमान वाटला होता. मूल जन्मो, लग्न ठरो, माणूस जावो, ज्याला त्याला त्याचे स्वतःचे, समजणारे शब्द मिळावेत, एवढंच मला हवं होतं. प्रत्यक्षात संस्था चालवणाऱ्या आमच्या बाईंकडे वडिलांसाठी एक भाषण आहे आणि आईसाठी एक. नाव आणि धंदा तेवढा बदलायचा. बेकरीवाला असो की कारकून, मेला की ‘सावली देणारं झाड’ होतो.

बाबांच्या वेळी मी बाईंना विनवलं, भाषण नको, नुसते शांत बसू. त्या म्हणाल्या, घरच्यांनी रडायचं, बोलायचं काम आपलं. तुला रजा मिळाली नाही, पण फोनवरून तूही त्यांचीच री ओढलीस. गालात खोकल्याची गोळी ठेवून त्या बोलायला उभ्या राहिल्या. दुःखाची जागा आली की थांबायच्या, गोळी या गालातून त्या गालात जायची, आणि लोकांना वाटायचं बाईंचा गळा दाटून आला. मला शिसारी आली. मग म्हणाल्या, या प्लंबरने जन्मभर लोकांचे गळके नळ बंद केले, पण घरात कधी आवाज चढवला नाही.

पहिल्या रांगेत आई मान वाकडी करून, उजवा कान पुढे करून ऐकत होती. डाव्या कानाने तिला का ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे, मलाही. शेजारच्या काकूंनाही माहीत आहे. तिच्या सुजलेल्या गालाला लावायला बर्फ त्यांनीच आणला होता. त्याच काकू रुमालाने डोळे टिपत होत्या. मामा माना डोलावत होता. बाईंचं एक वेळ समजू शकते, त्यांचं पोट त्यावर आहे. पण सगळं ठाऊक असलेली माणसं त्या वाक्याला मनापासून रडली, त्याची किळस अजून जात नाही. आणि मी दाराशी उभी राहून, ठरल्याप्रमाणे, दिवे मंद करत होते.

रविवारी मी आईला विचारलं, तुला काही बोलायचं होतं का गं? तिने कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात सभा भरल्यासारखी उठून उभी राहिली. ऐकायला मी आणि मावशी.

“माणूस कष्टाळू होता,” ती म्हणाली. “मुलांना उपाशी ठेवलं नाही. मला मारायचा. मी माफ केलेलं नाही. झालं. घ्या आता, चहा निवतोय.”

मावशीने तिचा हात धरला. कुणी रडलं नाही. इतका नेटका समारंभ मी आजवर पाहिला नव्हता.

भाषणाचं चित्रीकरण सासुरवाडीला दाखवायचंय म्हणून तू मागतोयस. फोनवर बोलले असते तर तू आईलाच मध्ये घातलं असतंस, म्हणून हे पत्र. सोमवारी मी नोकरी सोडली. घरच्यांसाठी म्हणून बाईंनी दिलेली त्याची एकमेव प्रत माझ्याकडे होती. काल ती पुसून टाकली.

तुझीच,
धाकटी