मावशीची चहादाणी आणि माझं 'नको'

बॅलिनगार, लिट्रिम
गुरुवार, ऑक्टोबर

प्रिय फिलोमिनाताई,

तुला आणि फिन्टन भाऊजींना मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण आपली उल्रिके वहिनी.

तुला माहीतच आहे, डिम्फना मावशी पडल्यावर कॉर्मकने तिचं घर विकायचं आणि तिला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं. (आपला मावसभाऊ असला तरी सांगते, त्याला ठरवायला कधी वेळ लागत नाही, करायला बायको लागते.) काचेच्या कपाटातल्या वस्तू कुणाला द्यायच्या त्याची यादी उल्रिकेने केली. तुला तो नक्षीदार काचेचा वाडगा, भाऊजींना तिकिटांचा अल्बम, फादरना शालवाल्या बाईंचं चित्र असलेल्या जुन्या नोटा. आणि बेलीकच्या चिनीमातीची ती चहादाणी, इतकी पातळ की आत घातलेलं बोट बाहेरून दिसतं, हिरव्या शॅमरॉकच्या तिपानी नक्षीची, ती मला. यादीत तसं लिहिलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं.

उल्रिकेने चहादाणी हातात धरली आणि विचारलं, "तुम्हाला हवी का?"

"अगं छे, मला कशाला?" मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या नावापुढे फुली मारली.

ताई, फुली! आपल्या आयरिश माणसांत बिस्किटसुद्धा पहिल्यांदा विचारल्यावर कुणी घेतं का? पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्यांदा समोरचा हातात कोंबतो तेव्हा आपण घेतो आणि वर 'उगाच हं तुझं' म्हणतो. ती पडली जर्मन, तिच्याकडे नको म्हणजे नको. मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत चेहरा तयार करून उभी, आणि बाई बटरच्या भांड्याकडे वळल्यासुद्धा. मावशी खिडकीपाशी खुर्चीत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, जवळ जाऊन पाहिलं तर हसत होती.

ताई, ती चहादाणी मला हवी आहे. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. मावशीकडे मासची पाळी आली आणि फादर घरी प्रार्थनेला आले की त्यांच्यासाठी ती बाहेर निघायची, आई धुवायची आणि पुसायला फक्त माझ्या हातात द्यायची. तुझ्या हातात नाही. (राग मानू नकोस, तू तेव्हा दोन बश्या फोडल्या होत्यास.) आईच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नाही. तेव्हा मी ठरवलं, मिळवीनच.

तेव्हापासून दर गुरुवारी जाते. सरळ मागायचं तर जीभ रेटत नाही. पहिल्या गुरुवारी सहज म्हणाले की माझी चहादाणी तोंडाशी गळते. पुढच्याच दिवशी उल्रिकेने मला स्टीलची एक आणून दिली, पावतीसकट. दुसऱ्या गुरुवारी आईची सगळी हकिगत सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा हात धरून म्हणाली की वस्तूंपेक्षा आठवणी बऱ्या. तिसऱ्या गुरुवारी काही न बोलता पाऊण तास कपाटासमोर उभी राहिले. शनिवारी कॉर्मक दोन माणसं घेऊन आला आणि कपाट माझ्या घरी ठेवून गेला. रिकामं! आता पुढच्या दारातून आत यायचं तर अंग तिरपं करून यावं लागतं.

आज चौथा गुरुवार. आज छातीचा कोट करून गेले आणि म्हणाले, उल्रिके, मला ती चहादाणी... मावशीने मान वर केली, आणि माझ्या तोंडून निघालं, "फार स्वच्छ दिसते हं." उल्रिकेने आभार मानले. पण मी हरलेली नाही. सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
नोरीन

ता.क. खरं कारण आता लिहिते. यादीत माझ्यानंतर तुझं नाव आहे. रविवारी उल्रिकेचा फोन येईल. तू तीस वर्षं लिव्हरपूलला काढलीस, तिथे तुझी आपली रीत सुटली, म्हणून वाडगा पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणून घेतलास. या खेपेला, देवाशपथ, नको म्हण. तिला एकदाच पुरे, मग फिरून माझ्याकडे येईल.

ता.क. २. पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून बरं. शुक्रवारी सकाळीच उल्रिके दारात. "नोरीन, तुम्ही ठेवून घ्याल का..." एवढंच ती बोलली आणि मी हो, हो, हो म्हणून मोकळी झाले. वृद्धाश्रमात फेब्रुवारीपर्यंत जागा नाही. गाडीत मावशी बसली होती, मांडीवर शालीत गुंडाळलेली चहादाणी. यादीतून ती मावशीने स्वतःच खोडली म्हणे. मला म्हणाली, "हिच्यासाठी चार गुरुवार आलीस. माझ्यापाशी बसायला एकदाही नाही." ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला पुढची खोली दिली आहे.

ता.क. ३. पत्र अजून इथेच. मावशी दिवसातून पाच वेळा त्याच चहादाणीतून चहा घेते. काल पुसताना झाकण फुटलं. माझ्याच हातून. मी ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा रडले. मावशीने तुकडे बशीत गोळा केले आणि म्हणाली, "बरं झालं. आता कुणी मागणार नाही. तुझीच झाली." भाऊजींकडचा चिनीमाती जोडायचा गोंद लगेच पाठव. हवाय मला.