नाशिकला आलेली एकच हायब्रिड

नाशिक,
१२ ऑक्टोबर २००८

ती. धनराजमामांस,
रोशनीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण ती ऐकत नाही. पिंपळगावला द्राक्षांची छाटणी उरकली का? मामींना सांगा, त्यांनी दिलेली लग्नाची साडी फॉल लावायला टाकलीय. तुळशीचं लग्न झालं की माझंच. दिवस कमी आहेत आणि तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

द्वारका चौकातली गंमत ऐका. आमच्या शोरूममधून हायब्रिड नेलेले ट्रान्सपोर्टवाले सलाउद्दीनशेठ परवा सिग्नलला थांबले. ती गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, पुन्हा निघते ती बॅटरीवर. मागच्या टेम्पोवाल्याला वाटलं, बंद पडली. बिचारा उतरून धक्का मारायला लागला! तेवढ्यात सिग्नल सुटला, गाडी गुपचूप पुढे गेली आणि हा पठ्ठ्या तोंडावर पडता पडता वाचला.

आलं ना हसू? आता रागवा.

गाडी तुम्हाला मिळाली नाही याचं वाईट वाटतं, पण चूक केली असं मुळीच वाटत नाही. कंपनी या गाड्या जपानहून आणते आणि मीठ वाढावं तशा वाटते. आधी मुंबई, मग पुणे, नाशिकला एकच. बुकिंग उघडलं त्याच दिवशी मी तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही म्हणालात, "पितृपंधरवड्यात नवं काही नको गं, घट बसले की बघू. भाची शोरूमला असताना गाडी जाते कुठे?" सलाउद्दीनशेठांना पितृपंधरवड्याचं काय? ते त्याच आठवड्यात बुक करून गेले.

घट बसले त्या दिवशी तुम्ही आलात, तेव्हाच सांगितलं की नंबर दुसरा आहे. तुम्ही नुसते हसलात. आमचे मालकही म्हणाले, "मॅडम, मामांचं नाव वर घ्या, शेठना मी समजावतो." मीच नको म्हटलं. आज मी मामाला वर घेतलं तर उद्या सगळं नाशिक आपापला मामा घेऊन दारात येईल. बाबा गेल्यावर मला शिकवून या खुर्चीवर बसवलं ते तुम्हीच. ती असल्या कामाला वापरणार नाही.

दसऱ्याला तुम्ही अर्धं गाव आणि झेंडूचा हार घेऊन आलात, आणि शेठ जहिदाभाभींना शेजारी बसवून तीच गाडी बाहेर काढत होते. मग तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात, ते मी आईला सांगितलेलं नाही. "लग्नातही पाठीशी उभा राहायला तुझ्या बुकिंगच्या रांगेतलाच कोणी मामा बघ."

फार लागलं हो, मामा. मागे स्टोअरमध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

दुसरी हायब्रिड आली की ती तुमची. कधी येईल ते कंपनीलाच ठाऊक, उगाच तारीख देत नाही.

तुमचा फोन लागत नाही म्हणून आई चुलत गोरक्षमामांना विचारू म्हणतेय. मी साफ नाही सांगितलं. मंगलाष्टका सुरू झाल्या तरी मी खोलीतून हलणार नाही. भटजी ओरडू देत, पाहुणे कुजबुजू देत, अमितचे हात हार धरून दुखू देत. मला बोहल्यावर न्यायला माझाच मामा लागतो.

रागावूनच या. पण या.

नटूनथटून खोलीत बसून राहणारी,
तुमची हट्टी भाची
रोशनी