सात पट्ट्या

दि. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. प्रयोगशाळेत नवे यंत्र आले. माझ्या हाताखालच्या नव्या मुली कामचुकार आहेत, शिकतील.

तुझ्या भाषणाचा मसुदा मिळाला. 'ताई, लाल पेन कागदावर चालव, माझ्यावर नको,' असे वर लिहिले आहेस. प्रयत्न करते. पहिले पान विस्कळीत आहे. आजाराचे नाव आठव्या ओळीत येते. ते पहिल्याच ओळीत हवे. मंत्रचळ हा शब्द लोक थट्टेने वापरतात म्हणून तो टाळू नकोस. तोच वापर आणि अर्थ सांग: नकोसा विचार हटत नाही, त्याला गप्प करण्यासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि तो गप्प होत नाही.

वाचनालयाच्या सभागृहात चारचौघांसमोर घरातले काढणे मला पसंत नव्हते, हे तू जाणतोस. काका तर पुढच्या रांगेत बसून 'आला नळाचा जावई!' म्हणायला कमी करणार नाहीत. मला मात्र ते नेहमी 'पक्क्या कामाची' म्हणत. आई एकदाच म्हणाली होती, "एकाचे हात नळाखालून निघत नाहीत, एकीचे कुलपावरून. माझ्या पोटी दोन पहारेकरी जन्मले." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या पानावर तू लिहितोस: 'आईच्या रक्ताची नळी हातात घेण्याआधी मी चाळीस मिनिटे हात धूत होतो. त्या उशिरामुळे आई गेली.' हे वाक्य मी खोडले आहे. भाषेसाठी नव्हे.

तू नळी प्रयोगशाळेत आणून माझ्या हाती दिलीस तेव्हा साडेदहा झाले होते. दहा बावन्नला यंत्राने आकडा दिला. पोटॅशियम धोक्याच्या पातळीच्या बरेच वर, हृदय बंद पडू शकेल इतके. असा आकडा आला की एकदा पडताळावे आणि लगेच डॉक्टरांना फोन करावा, हे मी वीस वर्षे इतरांना शिकवत आले आहे. मी पडताळले. तोच आकडा. मग वाटले, नमुना बिघडला असेल. मग यंत्र. मग माझेच हात. मी ती चाचणी सात वेळा केली. साती वेळा आकडा तोच होता. फोन केला तेव्हा दीड वाजून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी कळलं असतं तर..." आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "नमुनाच उशिरा आला." तू भिंतीला टेकून उभा होतास. मान खाली घातलीस.

चार वर्षे तू ती वर उचललेली नाहीस. आजार दोघांचा एकच. तुला त्याने टोमणे दिले, मला पद.

यंत्रातून निघालेल्या साती पट्ट्या सोबत जोडल्या आहेत. प्रत्येकीवर वेळ छापलेली आहे.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. अंतर वीस मिनिटांचे. मी तीनला निघेन. दाराशी माझे काय होते, हे तुला वेगळे सांगायला नको. सहापर्यंत पोहोचले नाही तर खोळंबू नकोस. हे पत्र वाच, मोठ्याने, काकांसमोर. पट्ट्या दाखव. माझे नाव आणि हुद्दा गाळू नकोस.

जिला नमुना वेळेत मिळाला होता, ती
तुझी ताई