कागदात न वाळलेलं निवडुंग

आईला साधनाचा ब्राझीलहून नमस्कार. मल्हारदादा, हे तिला सावकाश वाचून दाखव.

मी बरी हाय. ताप आता रोज येत न्हाई. जेवण चांगलं असतं, फक्त भाकरी न्हाई.

इथं जंगलात झाडांच्या फांद्यांवर बिनकाट्याचं निवडुंग लोंबतं. आमी ते कागदात दाबून वाळवतो, खाली गावाचं नाव लिहून नोंदीला ठेवतो. मागच्या महिन्यात एका गावी गेलो, तर जंगलच तोडलेलं. पाडलेल्या एका झाडावर एवढा एक झुबका उरला होता. तो आणला.

काल कागद उघडला, तर आत अंधारात त्याला कोंब फुटलेला. आमच्या कामावरच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "उकळत्या पाण्यात बुडव, नाहीतर वाळायचं नाही."

मी लय वेळ भांड्यापाशी उभी होते. मग नोंदीपुरतं अर्धं बुडवलं. अर्धं अंगणातल्या आंब्याला बांधलं. बाईंनी बघितलं, अन् नोंदीचा कागद माझ्यापुढं सरकवला.

तुझे गुडघे कसे हायत? आबा मेंढरं घेऊन कुठवर गेलेत?

काम वाढलंय, आई. दिवाळीला येणं होत न्हाई. फोनवर सांगवलं न्हाई, म्हणून लिहायलेय. आबांना तूच सांग.

तुझी दमलेली लेक,
साधना