सार्थकचं पाणी तोडू नको

आईले विपुलचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी सुरतले बरा आहो, दोन टाईम जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तू ऐकून घेत नाही, म्हणून लिहून राहिलो. आरतीकडून वाचून घे.

तुझ्या नातवाले, सार्थकले हगवण लागली की तू 'दात येऊन राहिले' म्हणते अन् पाणी, दूध दोन्ही तोडते. आता तसं करू नको. इथं शेजारच्या खोलीतलं लेकरू हगवणीनं सुकलं होतं. मी ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची पुडी अर्ध्या ग्लास पाण्यात कालवाले निघालो, तर त्याले पाहाले आलेली नर्सबाई म्हणाली, "येवढं खारट तूच पिऊन पाह्य." तिनं ती लिटरभर पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं पाजली. तिसऱ्या दिवशी लेकरू रांगाले लागलं.

आशाताईकडून पुड्या आणून ठेव. आरती अंगावर पाजत राहील, तिले अडवू नको. डोळे खोल गेले तर लगेच पातूरच्या दवाखान्यात न्या.

सार्थकच्या आधीची आपली परी अशीच हगवणीत पाण्यावाचून गेली, आई. तेव्हा आरतीच्या हातातली वाटी मीच काढून घेतली होती. तुले दोष देत नाही. पण सार्थकच्या तोंडची वाटी आता कोणी काढणार नाही. मी पण नाही अन् तू पण नाही.

तुझाच,
विपुल